फुकटची साधने आणि शेवटचा बाक

शाळेत नवे साधन आले म्हणजे त्याविषयी दोन पक्ष उत्पन्न होतात, हा फार जुना अनुभव आहे. एका पक्षास त्यात सर्व दुखण्यांवरील औषध दिसते, तर दुसऱ्यास सर्व अनर्थांचे मूळ. गेल्या पालकसभेत आम्हांस ह्याचा पुनः प्रत्यय आला. एका गृहस्थांनी विचारले, "सर, इंटरनेटवर इतकी साधने फुकट मिळतात, मग आमच्या मुलांना अजून खडू-फळाच का?" त्यांचे बोलणे पुरे होते न होते तोच मागे बसलेली एक माता म्हणाली, "घरी मोबाईल हातातून सुटत नाही म्हणून तर लेकराला शाळेत धाडतो. आता शाळेतही तेच का?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. सभेच्या गडबडीत त्यांस नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, विषय डोळ्यांस दिसेल असा मांडण्याची रीत आपल्या जिल्ह्यास नवी नाही. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाड कापड. दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर आकृत्या काढून लिहून ठेविला. पोथीची पाने उलटताना ज्याच्या हातून सूत्र निसटते, त्यास सारी मांडणी एका दृष्टीत दिसावी, असाच काही त्यांचा हेतू असावा असे आम्हांस वाटते. तेव्हा साधन जुने की नवे, हा वाद व्यर्थ होय. साधनापुढे बसलेल्या मुलाचे मन त्या वेळी काय करीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. इयत्ता सातवीच्या वर्गात इंटरनेटवरील प्रश्नमंजुषेचा एक फुकटचा खेळ घेण्याचे आम्ही ठरविले व मुलांस घरून मोबाईल आणावयास सांगितले. ४२ पैकी ११ जणांनी ते आणिले. मग गट पाडले. पडद्यावर प्रश्न, रंगीत चौकोन, संगीत आणि क्षणोक्षणी बदलणारे गुण! वर्ग असा काही रंगला की शेजारच्या वर्गातील बाईंनी दारातून डोकावून पाहिले. आम्ही मनातल्या मनात फुशारलो. परंतु तास संपल्यावर विचारपूस करिता असे आढळले की, ज्याच्या हाती मोबाईल तोच उत्तर देत होता. आणि तोही विचार करून नव्हे, तर वेळ संपण्यापूर्वी बोट टेकविण्याच्या घाईने. शेवटच्या बाकावरील एका मुलास आम्ही विचारले, "काय रे, मजा आली का?" तो म्हणाला, "आली सर. मला काही दिसत नव्हतं, पण पोरं लई ओरडत होती."

हे उत्तर आम्ही अद्याप विसरलो नाही. मूल रमले म्हणजे शिकले असे नव्हे. जत्रेतही मूल रमते.

पुढे आम्ही दुसरा उपाय करून पाहिला. प्लिकर्स नावाचे एक साधन आहे. मर्यादित वापरासाठी ते विनामूल्य मिळते. त्यात विद्यार्थ्यापाशी मोबाईल लागत नाही. प्रत्येकास साध्या कागदावर छापलेले एक कार्ड मिळते. कार्डावरील आकृतीच्या चार बाजू म्हणजे उत्तराचे चार पर्याय. जे उत्तर योग्य वाटेल ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरावयाचे, आणि शिक्षकाने आपल्या एकाच मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवावयाचा. कोणी काय उत्तर दिले ते लागलीच कळते. प्रत्येकाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याची सोय राहत नाही, आणि कोण चुकले हे शिक्षकावाचून कोणास समजत नाही. लाजाळू मुलांस ह्या गोष्टीचा केवढा आधार वाटतो, हे पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

आम्ही विचारले : −७ आणि −३ ह्यांतील मोठी संख्या कोणती? हाच प्रश्न पूर्वी तोंडी विचारिला होता. तेव्हा पाच-सहा हात वर झाले, उत्तर बरोबर आले, आणि वर्गास समजले असे मानून आम्ही पुढील पाठाकडे वळलो होतो. आता कार्डे वर झाली तेव्हा ४२ पैकी २६ जणांनी −७ हे उत्तर दिले! पाच-सहा हुशार मुलांच्या हातांआड सारा वर्ग लपून बसला होता, आणि आमच्या डोळ्यांस तो इतके दिवस दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र बाजूस ठेविले आणि विहिरीची गोष्ट काढिली. एका विहिरीत पाणी जमिनीपासून ७ हात खाली आहे, दुसरीत ३ हात खाली; तर पाणी अधिक वर कोणत्या विहिरीत? बीड जिल्ह्यातील मुलास हे शिकवावे लागत नाही. प्रत्येक उन्हाळा त्यास ते शिकवून जातो. पुनः कार्डे वर झाली तेव्हा चुकणारे पाचच उरले, आणि त्या पाचांस आम्ही मधल्या सुट्टीत जवळ बसविले. शिकविले कोणी म्हणाल, तर विहिरीने. परंतु विहिरीची गरज आहे हे कार्डांनी सांगितले. आमच्या मते साधनाचे काम इतकेच, आणि ते थोडे नाही.

सोलापूर जिल्ह्यातील श्री. रणजितसिंह डिसले ह्यांचे उदाहरण पुष्कळांस ठाऊक आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत असता त्यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांच्या त्या पुरस्कारापैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापावा, मोबाईल त्यावर धरताच कविता ऐकू यावी, पाठ दिसावा, ही त्यांची योजना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. परंतु ही कीर्ती सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. तेथील मुलांची घरची बोली कन्नड आहे हे पाहून डिसले ह्यांनी ती भाषा शिकून घेतली, आणि मुलांस आपल्या बोलीत समजेल असे पाठ तयार केले. कोड हा त्यानंतरचा. ज्याने मुलाची भाषा ओळखली त्याच्याच हाती साधन फळास येते.

अशी आणखीही साधने आहेत. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी २००१ साली आरंभिलेले जिओजिब्रा घ्या. त्यात त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून वाटेल तसा ओढावा. कोन बदलतात, पण त्यांची बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातील कित्येक प्रयोग मराठीतही आहेत, आणि ते एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. ही साधने आम्हांस प्रिय आहेत, कारण ती उत्तर सांगत नाहीत. 'असे केले तर काय होईल?' हा प्रश्न ती मुलाच्या हाती देतात. मात्र बिंदू मुलानेच ओढला पाहिजे. शिक्षकाने ओढून दाखविला तर तोही सिनेमाच.

आता 'फुकट' ह्या शब्दाविषयी. साधन फुकट असले तरी मोबाईल फुकट नाही आणि नेटही नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. पुष्कळ घरांत एकच मोबाईल असतो, आणि तो बापाबरोबर फडात जातो. मागे आजीपाशी अथवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलास "हा व्हिडिओ पाहून उत्तरे लिहून आण" असे सांगणे, म्हणजे नसलेल्या पुस्तकाचा धडा देणे होय. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हा भेद सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. शाळा उघडल्यावर तो विसरून चालणार नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्यास मोबाईल लागेल असा गृहपाठ शाळेने देऊ नये. साधन शाळेचे असावे, शाळेतच वापरावे, आणि तासातील थोडा वेळच वापरावे. शिवाय फुकटच्या साधनांत मुलांची नावे नोंदविण्याचीही घाई करू नये. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. आम्ही नावाऐवजी कार्डाचा क्रमांकच घालतो. शिकविण्यास तेवढा पुरे होतो.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशास? पूर्वीचे शिक्षक ह्यावाचून शिकवीत नव्हते काय? शिकवीत होते, आणि उत्तम शिकवीत होते. परंतु त्यांच्याही वर्गात हात वर न करणारी मुले होतीच. ती पुढे शाळा सोडून गेली, आणि ती का गेली हे कोणी विचारिले नाही. त्या मुलांचे मौन जर चार आण्यांच्या कागदाने फुटत असेल, तर तो कागद आम्हांस मोलाचा आहे.

पालकहो, सायंकाळी मुलास 'आज शाळेत काय दाखविले?' असे विचारू नका. 'आज तू काय विचारलेस?' असे विचारा. फडावरून फोन कराल तेव्हाही हेच विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, कार्ड चुकीचे वर झाले तर लाजू नका. तुमचे चुकलेले कार्ड आम्हांस उद्याचा पाठ शिकविते. पडदा तुम्हांस दिसला की नाही ह्यापेक्षा, शेवटच्या बाकावर बसलेले तुम्ही आम्हांस दिसलात की नाही, हेच आम्ही प्रत्येक तासाच्या शेवटी स्वतःस विचारीत असतो.