तिसऱ्या पेडलचं मोल

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो तासाभरात मांडव्याला लागते आणि तिच्या पोटातून गाड्या बाहेर पडू लागतात. मार्च 2020 मध्ये ही सेवा सुरू झाली, वडखळची कोंडी टळली आणि जमिनीपासून चार बोटं उंच असणाऱ्या स्पोर्ट्स कारही चोंढी-किहीमच्या रस्त्याला दिसू लागल्या. त्यांतली आजची फेरारी असो वा लॅम्बोर्गिनी, तिच्यात क्लचचं पेडल नसतं. गिअर बदलायला स्टिअरिंगमागे दोन पात्या असतात, नाहीतर ते कामही गाडीच करते. तिसरं पेडल हवं असेल तर जुनी गाडी शोधावी लागते, आणि जगाच्या बाजारात त्यासाठी घसघशीत जादा पैसे मोजावे लागतात.

फेरारी एफ430 चं उदाहरण बोलकं आहे. 2004 ते 2009 या काळात ही गाडी दोन प्रकारांत मिळत होती: स्टीलच्या खाचांतून फिरणाऱ्या दांड्याची मॅन्युअल आणि पात्यांनी गिअर बदलणारी ‘एफ1’. बहुतेक गिऱ्हाइकांनी एफ1 घेतली. शर्यतीचं तंत्र, वेगवान गिअर, शिवाय शोरूममध्ये ती महागही होती. आज चित्र उलटं आहे. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली मॅन्युअल गाडी अमेरिका-युरोपात एफ1 च्या कित्येकदा दुप्पट भावाला जाते. इंजिन तेच, बॉडी तीच.

याला केवळ जुन्याची ओढ म्हणणं अपुरं आहे. त्या काळचा एफ1 गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच होता. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणारा पंप आणि अ‍ॅक्च्युएटर करत. गाडी वीस वर्षांची झाली की हेच भाग दगा देतात. कोंडीत पुढे-मागे सरकताना यंत्र क्लच अर्धवट धरून ठेवतं आणि तो झिजत जातो. मॅन्युअल गाडीचा क्लचही झिजतो, पण तो कधी सोडायचा हे चालकाच्या पायावर असतं आणि दुरुस्ती सरळ असते. जुनी गाडी घेणारा पुढच्या दहा वर्षांचा खर्चही मोजत असतो.

दुसरं कारण वेगाचं. 2009 मध्ये फेरारी 458 आली ती दोन क्लचचा गिअरबॉक्स घेऊनच. मॅन्युअल तिला मिळालाच नाही. कॅलिफोर्निया मॉडेलच्या मोजक्याच गाड्या तीन पेडलच्या निघाल्या आणि 2012 च्या सुमारास फेरारीतून मॅन्युअल संपला. लॅम्बोर्गिनीची गायार्डो 2013 मध्ये बंद झाली, तिच्या जागी आलेल्या हुराकानला तो नव्हता. हे नवे गिअरबॉक्स माणसापेक्षा कितीतरी चपळ आहेत. पण आता चांगली इलेक्ट्रिक सेदानही सिग्नलवरून जुन्या फेरारीला मागे टाकते. वेग कुठेही विकत मिळू लागल्यावर जुन्या गाडीकडून माणसाला हाताला काम हवं असतं.

मात्र दांडा दिसला की भाव चढला, असं समजणारा फसेल. पोर्शची करेरा जीटी किंवा गॉर्डन मरे यांची मॅक्लारेन एफ1 यांच्या सगळ्याच गाड्या मॅन्युअल होत्या, त्यामुळे तिथे मॅन्युअलचा वेगळा भाव नाही. पोर्शचीच 911 आर याहून अधिक शिकवणारी आहे. 2013 ची जीटी3 मॅन्युअलशिवाय आली आणि चाहते नाराज झाले. मग 2016 मध्ये कंपनीने मॅन्युअल 911 आर काढली, नेमक्या 991 गाड्या. सुमारे 1 लाख 85 हजार डॉलरच्या या गाडीचा भाव बाहेर दुपटीच्याही पुढे गेला. पुढच्याच वर्षी नव्या जीटी3 ला मॅन्युअलचा पर्याय मिळाला आणि आरचा भाव खाली आला.

मॅन्युअल दुर्मिळ असेल तरच त्याला जादा भाव, हे मान्य केलं तर भारतात तो सर्वांत जास्त हवा. फेरारी इथे अधिकृतपणे आली 2011 मध्ये, म्हणजे कंपनीत मॅन्युअलची अखेर चालू असताना. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं. 2025 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना दार उघडलं, पण एफ430 ला त्याचा उपयोग नाही. आहेत तेवढ्याच मॅन्युअल गाड्या; त्यांत भर पडणार नाही.

तरीही आपल्याकडे बोलणी होतात ती गिअरबॉक्सची नव्हे, नाव आणि कर यांची. सचिन तेंडुलकरांना 2002 मध्ये फियाटकडून भेट मिळालेली फेरारी 360 मोडेना आठवावी. देशभर वाद झाला तो आयातशुल्क माफीचा, आणि 2011 मध्ये ती सुरतच्या व्यावसायिकाकडे गेली तेव्हा बातमी झाली ती मालकाच्या नावाची.

खरी अडचण मात्र नियमांत आहे. 2021 च्या नियमांनुसार मूळ रूपातल्या, पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते, नोंदणीला वीस हजार रुपये. त्याआधीच्या वयात तिला कुणी वाली नाही. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी लागते, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 80 हजार रुपये झालं आहे. 1997 मध्ये फेरारी 355 ला एफ1 गिअरबॉक्स आला तिथपासून 2013 पर्यंतच्या सगळ्या गाड्या, म्हणजे मॅन्युअलला जादा भाव मिळवून देणारी अख्खी पिढी, या वीस ते पन्नासच्या फटीत सापडली आहे किंवा सापडणार आहे. कोट्यवधींची गाडी बाळगणाऱ्याला 80 हजार जड नाहीत, हे खरं. पण या गाड्या जपण्याजोग्या आहेत, भंगाराच्या वाटेवरच्या नव्हेत, असं मानणारी वर्गवारीच नाही आणि ती नसल्याने घेणारा बिचकतो. जर्मनीत तीस वर्षांच्या मूळ रूपातल्या गाडीला ‘एच’ नंबरपाटी मिळते. आपल्या ‘व्हीए’ची अट पन्नासवरून तीसवर आणायला हवी. नियम केंद्राचा आहे, पण महागड्या मोटारींवरच्या कराची कमाल मर्यादा जुलै 2025 पासून वीसवरून तीस लाखांवर नेणाऱ्या महाराष्ट्राने ही मागणी लावून धरावी.

किनाऱ्यावरच्या मालकांनाही एक सांगणं आहे. खारी हवा वायरिंगचे जोड खाते. पावसाळाभर आवासच्या गॅरेजात उभ्या राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट दमटपणाने फ्लायव्हीलला चिकटू शकते, मग ती मॅन्युअल असली तरी. दर पंधरवड्याला इंजिन गरम होईपर्यंत गाडी फिरवावी, क्लच बदलल्याचं प्रत्येक बिल ठेवावं. एफ1 काढून मॅन्युअलचं किट बसवून देणारे परदेशात आहेत, पण अशा गाडीला कारखान्यातून मॅन्युअल निघालेल्या गाडीचा भाव येत नाही. वीस वर्षांवरच्या गाडीचं मूळपण फेरारीचा क्लासिके विभाग तपासून प्रमाणपत्र देतो. विकायच्या आधी ते हातात असलेलं बरं.