हप्ता बोनियाचा, हिशेब मालकांचा

न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाची दरवर्षी १ जुलैला टिंगल होते. त्या दिवशी संघ बॉबी बोनिया या निवृत्त खेळाडूला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देतो. १९९९चा मोसम बोनियाला फारच वाईट गेला. संघाला तो नकोसा झाला. पण कराराचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. जानेवारी २०००मध्ये तोड निघाली. ही रक्कम आठ टक्के व्याजाने, २०११ ते २०३५ अशा पंचवीस हप्त्यांत फेडायची.

बेरीज तीन कोटींच्या घरात जाते, म्हणून लोक हसतात. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. त्या वेळी अमेरिकी बँकांचा मूळ कर्जदरच साडेआठ टक्के होता. शिवाय नव्या खेळाडूंसाठी पैसा मोकळा झाला आणि त्याच वर्षी संघ वर्ल्ड सिरीजच्या अंतिम झुंजीत उतरला.

खरी गफलत पुढची आहे. संघमालकांचा बराच पैसा बर्नार्ड मॅडॉफकडे होता. तिथले व्याज आठ टक्क्यांहून जास्त पडेल, हा भरवसा. डिसेंबर २००८मध्ये मॅडॉफचा डोलारा कोसळला आणि पुढे खेळाडूंच्या पगारखर्चालाच कात्री लागली. बोनियाचा हप्ता तेवढा ठरल्याप्रमाणे चालू झाला.

उद्याचे देणे आज लिहून द्यायला हरकत नाही. ते कशातून फेडणार, हे मात्र सही करण्यापूर्वीच तपासावे.