वायफाय मंदावले, दोष सुनेचा?

रविवारची सकाळ. जबलपूरच्या गोरखपूर भागातील एका तिमजली घरात आजीबाई मोबाइल समोर धरून बसल्या होत्या. पडद्यावर पुण्याचा नातू होता. त्याने नवे शिकलेले गाणे म्हणायला तोंड उघडले आणि तोंड उघडेच राहिले. चित्र गोठले, आवाज तुटला.

"अगं, हा हलेचना!" आजीबाई वैतागल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून सून खाली आली. महिनाअखेर असल्यामुळे तिला सुटीच्या दिवशीही एका कंपनीचे हिशेब घरून पूर्ण करायचे होते.

"तुझं ते ऑफिस सुरू झालं की आमचं बोलणं बंद पडतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझंसुद्धा बंदच पडतंय. मीटिंगमध्ये माझा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. काल साहेबांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या महिन्यापासून इंदूरच्या कार्यालयात येऊन बसा, नाहीतर दुसरी सोय बघा."

इंदूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. घरात दोन वर्षांचे मूल. 'दुसरी सोय' म्हणजे नोकरी सोडणे, हे सर्वांनाच कळत होते. पण सासूबाईंचा हिशेबही आपल्या परीने सरळ होता. सुनेला नोकरी लागली दिवाळीच्या सुमारास आणि घरचे नेट मंदावले तेही दिवाळीच्याच सुमारास. मग दोष आणखी कुणाचा असणार?

हा प्रश्न आज केवळ या एका घरापुरता नाही. पूर्वी पाण्याच्या नळावरून, विजेच्या बिलावरून आणि टेलिफोनवरून घरात जसे रुसवेफुगवे होत, तसे ते आता वायफायवरून होतात. फरक एवढाच, की नळ दिसतो, वायफाय दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा दोष माणसांवर ढकलणे फार सोपे असते.

बाहेरची लाइन की घरातली?

या घरात सासरे होते, ते जबलपूरच्या टेलिकॉम फॅक्टरीतून निवृत्त झालेले. देशभरातील दूरसंचार कर्मचारी ज्या संस्थेत प्रशिक्षणासाठी येतात, ती संस्थाही याच शहरात रिज रोडला आहे. तारांचे, लाइनींचे बोलणे ऐकतच त्यांची नोकरी गेली होती. वायफाय त्यांना नवे होते, पण बिघाड शोधण्याची जुनी रीत ते विसरले नव्हते.

ते म्हणाले, "आधी भांडण थांबवा. बिघाड बाहेरच्या लाइनीत आहे की घरातल्या, एवढं आधी ठरवू. अर्धं काम तिथंच होतं."

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. "लाइन तो बराबर आ रही है, माताजी," असे सांगून दोन्ही वेळा निघून गेला. घरच्यांना वाटले, तो टाळतो आहे. खरे-खोटे करण्याचा एकच मार्ग होता. सासऱ्यांनी धाकट्या मुलाला त्याचा लॅपटॉप आणायला लावला, तळमजल्यावर फायबरची तार जिथे घरात येते त्या डबीला तो लॅन केबलने थेट जोडला आणि वायफाय बंद करून वेग मोजला. योजना २०० एमबीपीएसची होती. आकडा आला १९६. म्हणजे कंपनीचा माणूस खोटे बोलत नव्हता. पाणी दारापर्यंत भरपूर येत होते, गळती घरातल्या नळांमध्ये होती.

वेग मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि संगणकावर फाइल उतरताना जो आकडा दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून २०० च्या योजनेत फाइल सेकंदाला २५ मेगाबाइटने उतरली तर ती फसवणूक नव्हे, तो पूर्ण वेग झाला.

पुण्याहून चालणारे गोरखपूरचे जाळे

आता घराकडे वळायचे. पण या घरातले जाळे नेहमीसारखे एका राउटरचे नव्हते. चार वर्षांपूर्वी, धाकट्याच्या लग्नाच्या वेळी, पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या थोरल्या मुलाने ते हौसेने बसवून दिले होते. प्रत्येक मजल्यावर छताला एक पांढरी तबकडी, तिन्हींना खालून गेलेल्या तारा आणि या सर्वांचा कारभार एका ठिकाणाहून. कुठल्या तबकडीने किती जोर लावायचा, कुणाला किती वेग द्यायचा, हे सारे थोरल्याच्या मोबाइलवरील ॲपमधून ठरत असे. दादा पुण्यात बसून जबलपूरच्या घराचे नेट चालवी.

अशी व्यवस्था चांगली असते. घरभर एकच नाव, एकच पासवर्ड, माणूस जिन्यावरून वर गेला की मोबाइल आपोआप जवळची तबकडी धरतो. पण तिचा एक दोषही आहे. एकदा ठरवून दिलेला नियम कुणी बदलेपर्यंत मुकाट्याने चालू राहतो. ज्याने तो घातला तो विसरून जातो आणि ज्यांना तो लागू आहे त्यांना तो माहीतच नसतो.

परातीमागची तबकडी

सासऱ्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. मान वर करून पाहिले तर दिवाणखान्याच्या छताला तबकडीच नव्हती. दिवाळीआधी रंगकाम झाले तेव्हा रंगाऱ्याने ती काढून लोखंडी कपाटावर ठेवली होती. नंतर तिच्यापुढे पितळी परात आली, परातीपुढे ट्रंक आली. तबकडी बिचारी तिथूनच काम करत होती.

वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंतीतून जातात, पण प्रत्येक भिंतीला थोडा कर देऊन जातात. विटांची जाड भिंत अधिक कर घेते आणि धातू तर वाटच अडवतो. म्हणून लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या मागे वायफायचे यंत्र कधीही ठेवू नये.

वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांची वायफाय यंत्रे, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच भागात असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारा. भारतात २००५ मध्ये पहिला आणि २०१८ मध्ये दुसऱ्याचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला, म्हणून आज घरोघरी दोन्ही पट्ट्यांची यंत्रे दिसतात. आजीबाईंची बसण्याची जागा स्वयंपाकघराशेजारी होती. तिथे ५ चा पट्टा परातीमागून पोहोचत नव्हता आणि मोबाइल गर्दीच्या पट्ट्यावर ढकलला जात होता.

तबकडी पुन्हा छताला लागली. नातवाला फोन लावला. गाणे शेवटपर्यंत ऐकू आले.

आठ तारांपैकी एक

आता पहिला मजला. तिथे वर जाणाऱ्या लॅन केबलच्या टोकाला लॅपटॉप जोडून वेग मोजला. आकडा आला ९४. पुन्हा मोजला, पुन्हा ९४.

असा ९४-९५ वर अडकलेला आकडा ही एक खूण असते. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्या आठही नीट जुळल्या तर यंत्रे १००० एमबीपीएसने बोलतात. एखादी तुटली किंवा सैल झाली की यंत्रे बहुधा चार तारांवर भागवतात आणि वेग १०० च्या आत बांधला जातो. ९४ हा वेग घरगुती कामाला कमी नव्हे, पण सैल तार अधूनमधून संपर्कच तोडते आणि मीटिंगमध्ये माणूस अचानक नाहीसा होतो. इथेही रंगकामच भोवले होते. तार ओढली गेली होती. ओळखीच्या केबलवाल्याने टोक कापून नवा कनेक्टर बसवला. आकडा १९० च्या वर गेला.

सुनेने आशेने आपला लॅपटॉप उघडला. वायफायवर वेग मोजला. आकडा आला २. तिचा चेहरा उतरला.

तिचा लॅपटॉप 'पाहुणा'

सासऱ्यांनी मात्र मान हलवली. "त्याचा मोबाइल इथंच ठेव आणि मोज." त्याच टेबलावर, त्याच तबकडीखाली नवऱ्याच्या मोबाइलवर आकडा आला १५० हून अधिक. जागा तीच, हवा तीच, वेग मात्र निराळा. म्हणजे दोष आता जाळ्याचा नव्हता, त्या एका लॅपटॉपला मिळणाऱ्या वागणुकीचा होता.

पुण्याला फोन लावला. दादाने ॲप उघडले. अशा ॲपमध्ये प्रत्येक यंत्रापुढे चार गोष्टी लिहिलेल्या असतात. ते कोणत्या तबकडीला जोडले आहे, कोणत्या पट्ट्यावर आहे, लहरींचा जोर किती आहे आणि ते कोणत्या नावाच्या जाळ्यात आहे. जोराचा आकडा उणे चिन्हाने येतो. उणे ५५ च्या आसपास उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे दुबळा. सुनेच्या लॅपटॉपचा जोर उत्तम होता, पट्टा ५ चा होता, तबकडी बरोबर होती. मग दादा क्षणभर थांबला.

"तिचा लॅपटॉप 'पाहुणे'मध्ये दिसतोय," तो म्हणाला.

लग्नाच्या वेळी घरात चाळीस पाहुणे होते. सगळ्यांनी एकाच वेळी नेट ओढू नये म्हणून दादाने 'पाहुणे' नावाचे वेगळे जाळे केले होते आणि त्यावर प्रत्येक यंत्राला फक्त २ एमबीपीएसची मर्यादा घातली होती. नवी सून माहेरचा लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा कुणीतरी तिला त्याच जाळ्याचा पासवर्ड सांगितला. पाहुणे गेले, नियम राहिला. मोबाइलवर ती आपल्या सिमकार्डाचे नेट वापरत असे, लॅपटॉपचे फारसे काम नव्हते, त्यामुळे चार वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. नोकरी लागली आणि रोजच्या मीटिंगला ते २ एमबीपीएस पुरेनात. जिच्यावर सगळे नेट संपवल्याचा आरोप होता, तिच्या वाट्याला घरात सर्वांत कमी येत होते.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, "अरे, घरचा पासवर्ड सांग तिला. आणि मलाही सांग, मी लिहून ठेवते."

आपण काय करावे?

आपल्या घरी नेट मंदावले तर याच क्रमाने जावे. आधी डबीपाशी तारेने वेग मोजावा. तिथेच कमी असेल तर आपल्या योजनेची ठरलेली डेटामर्यादा संपली आहे का ते पाहावे. अनेक योजनांत ती संपली की वेग आपोआप उतरतो. तसे नसेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. तक्रारीचे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तिथे हा क्रमांक लागतो.

डबीपाशी वेग ठीक असेल तर प्रत्येक तारेचे टोक तपासावे. मग यंत्रांची जागा पाहावी. तबकड्यांना तार नसेल आणि त्या एकमेकींशी हवेतूनच बोलत असतील, तर प्रत्येक टप्प्यावर वेग बराच घटतो. शक्य तिथे तार ओढावी. तबकड्यांचा जोर सर्वाधिक ठेवू नये. जोर फार असला की वरच्या मजल्यावर गेलेला मोबाइलही खालचीच तबकडी धरून बसतो. २.४ च्या पट्ट्यावर एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. जवळच्या तबकड्यांना त्यांतल्या वेगवेगळ्या द्याव्यात. शेवटी एकाच जागी दोन यंत्रांवर वेग मोजावा. आकड्यांत फार अंतर दिसले तर एखादा जुना नियम शोधावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरच्या जाळ्याची किल्ली एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नये. घरात राहणाऱ्या किमान एका व्यक्तीला कारभाराचे ॲप उघडता आले पाहिजे. कोणते जाळे कशासाठी, कोणती मर्यादा कधी घातली, हे एका वहीत लिहून ठेवावे. पाहुणे गेले की त्यांच्यासाठी केलेले नियमही काढून टाकावेत.

गोरखपूरच्या त्या घरात अशी वही आता फायबरच्या डबीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे आणि ॲपची दुसरी किल्ली सुनेकडे आहे. सोमवारची मीटिंग एकदाही न तुटता पार पडली. इंदूरला जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. रविवारी नातवाचा फोन यायची वेळ झाली की सासूबाई आता वर हाक मारतात, "अगं, तुझं काम संपलं असलं तर ये, तोही तुझी वाट बघतोय."