टोपलीतला नाग

साप पाळावयाचा तर तो जगविता आला पाहिजे. आणि ते टोपलीत साधत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सापाला अंगची ऊब नसते. म्हणून पेटीच्या एका टोकास ऊब, दुसऱ्या टोकास गारवा, दडावयास आडोसा, पिण्यास पाणी आणि कात टाकताना अंग घासण्यास खरबरीत दगड हवा. धामणीला उंदीर, दिवडाला बेडूक व मासे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. गारुडी त्याला दिवसच्या दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून नागपंचमीस तो वाटीला तोंड लावतो. ते दूध त्याला बाधते, आणि आपण मात्र पुण्य पदरी पडले असे मानतो!

निगडीजवळ संभाजीनगर येथील महानगरपालिकेचे बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय आरंभी सर्पोद्यानच होते. सापांची निगा हे अशा ठिकाणच्या जाणत्या माणसांचे नित्याचे काम. घरी ते होणे नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग वा धामण पकडून ठेवणे हा गुन्हा आहे. गारुडी गावात आल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वनखात्यास कळवावे. शेतकरी बंधूंनी धामणीस बांधावरच राहू द्यावे. पेटीत तिला उंदीर आणून द्यावा लागतो. शेतात ती बिळात शिरून तो स्वतः मिळविते.