गाडीतला कुबट वास अत्तराने जात नाही

पावसाळ्याची चाहूल लागली की घरोघरी लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, पापड-कुरडयांचे डबे उन्हात ठेवले जातात, कपाटातील रेशमी साड्या उलगडून पाहिल्या जातात. बुरशी कुठे धरते, हे गृहिणीला नेमके ठाऊक असते. दारात उभ्या असलेल्या मोटारीची आठवण मात्र कुणालाच होत नाही. मग जुलैतल्या एखाद्या सकाळी एसी सुरू करताच ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि मागच्या सीटवर बसलेला मुलगा शिंकू लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय होतो. बाजारातून सुगंधी बाटली आणून ती डॅशबोर्डवर चिकटवली जाते. वास दबतो, बुरशी मात्र तशीच राहते.

जबलपूरमध्ये १९६९ पासून लष्करासाठी वाहने बनवणारा कारखाना आहे. गाड्यांची जाण असलेल्या माणसांची या शहरात वाण नाही. तरीही एसीच्या जाळीमागे काय चालले आहे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. इथले हवामान तर बुरशीच्या पथ्यावर पडणारे आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, धूळ उडते आणि कडुनिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत पाने-फुलांचा चुरा शिरतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की या कचऱ्याला ओलावा मिळतो.

बुरशी येते कुठून?

डॅशबोर्डच्या आत इव्हॅपरेटर नावाचा थंडगार भाग असतो. आतली हवा त्याला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, अगदी थंड सरबताच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात तसे. हे पाणी एका नळीतून गाडीखाली ठिबकते. गाडी बंद केल्यावरही इव्हॅपरेटर बराच वेळ ओला राहतो. ओल, अंधार आणि धूळ एकत्र आली की बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणून खरा शत्रू वास नव्हे, पाणी आहे.

निरोगी माणसाला या वासाचा फार तर कंटाळा येईल. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरला जायचे म्हणजे काही तास बंद काचांआड बसणे आले. एसी सुरू होताच शिंका, डोळ्यांना पाणी, खोकला किंवा छातीत घरघर होत असेल, तर केवळ गाडी दाखवून थांबू नका, रुग्णालाही डॉक्टरांकडे न्या. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' या नावाने ज्या आजाराची धास्ती घेतली गेली, तो मात्र वेगळा आहे. जाळीवर काळे डाग दिसले म्हणून तो झालाच, असे समजून घाबरू नका.

गाडीतील एसी लावल्यावर त्रास होणाऱ्या रुग्णांच्या ८ मोटारींची पाहणी १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. एसी सुरू केल्यावर गाडीतील बुरशीचे प्रमाण वेळेगणिक कमी होत गेले आणि बाहेरची हवा आत येते तिथे फिल्टर बसवल्यावर ते आणखी घटले, असे तिच्यात आढळले. म्हणजे एसी लावल्यावर सुरुवातीची काही मिनिटे काचा उघड्या ठेवणे शहाणपणाचे आहे.

सफाई कशी कराल?

आधी पाण्याचा निचरा पाहा. एसी १०-१५ मिनिटे चालू ठेवून गाडीखाली डोकवा. पावसाळ्यात पाणी ठिबकलेच पाहिजे. मेच्या कोरड्या हवेत ते कमी पडते, त्यामुळे नळी तुंबलेली असली तरी दोष जुलैतच उघडा पडतो. ठिबक नाही आणि पायाखालचा गालिचा ओला आहे, तर नळी मेकॅनिककडून मोकळी करून घ्या.

दुसरे काम फिल्टरचे. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही जुन्या गाड्यांत तो नसतोही. फिल्टर काळा पडला असेल, पानांनी भरला असेल किंवा ओला असेल, तर झटकून पुन्हा बसवू नका, नवा घाला. जबलपूरकरांसाठी जूनचा पहिला पंधरवडा यासाठी उत्तम.

जाळ्यांवरील धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने काढा. मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा आणि कोरडे करा. इव्हॅपरेटरसाठी फेसाचा खास क्लीनर मिळतो. तो डब्यावरील सूचनेनुसार आणि दारे सताड उघडी ठेवूनच वापरावा. ब्लोअरच्या मोटरवर तो उडू देऊ नये. नाक-तोंड झाका, हातमोजे घाला. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम त्याच्याकडे देऊ नका. ब्लीच मुळीच वापरू नका. त्याने धातू खराब होतो आणि वाफा छातीला बाधतात. डांबराच्या गोळ्याही गाडीत ठेवू नका. त्यांची वाफ लहान मुलांना अपायकारक आहे.

रोजची सवय

मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी ३-४ मिनिटे एसीचे बटण बंद करा, पण पंखा चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. इव्हॅपरेटर वाळायला मदत होते. ही सवय रस्त्यावरच पाळावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि पायपुसणी रात्री गाडीत राहू देऊ नका. आठवडाभर गाडी उभी राहिली, तर ऊन पडेल त्या दिवशी तासभर दारे उघडी ठेवा.

इतके करूनही वास गेला नाही, तर तो नीट ओळखा. गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असेल, तर कूलंटची गळती असू शकते. जळका वास आला तर गाडी लगेच थांबवा. आत उंदराने घर केले असेल, तर कोणताही क्लीनर उपयोगी पडणार नाही.

लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू द्यायचा नाही, हे आपल्या घरात लहान मुलांनाही माहीत असते. गाडीचा नियम याहून वेगळा नाही. आतले कोरडे ठेवा, म्हणजे अत्तराची बाटली विकत घ्यावी लागणार नाही.