मोठी बोट आणि माणसांची गर्दी

केनवडपासून समुद्र चार-पाचशे किलोमीटर लांब. आमच्या रिसोड तालुक्यात मोठे पाणी म्हणजे गावतलाव, नाहीतर एखादे धरण. पर्यटनाच्या बोटीवर या पानात लिहावे लागेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण सोयाबीनचे चार पैसे हाती आले, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, कोणी मास्तर निवृत्त झाले, की आता समुद्राचे नाव निघते. अजिंठा झाले, बोधगया झाले, नागपूर तर दरवर्षीचेच. मुंबईहून गोव्याला मोठी बोट जाते, ती एकदा पाहू, असे बचत गटाच्या बाया म्हणतात. आणि लगेच त्याच विचारतात, "भाऊ, त्या बोटीत दोन-दोन हजार माणूस राहते म्हणे. पैसे देऊन गर्दीत कोण जाते?"

उत्तर असे की सारे जग जाते. या बोटींच्या कंपन्यांची जी जागतिक संघटना आहे, तिच्या आकड्यांनुसार २०१९ साली सुमारे २ कोटी ९७ लाख माणसांनी अशा बोटीतून सहल केली. मध्ये कोरोनाने धंदा बसला. तरी २०२३ साली हा आकडा ३ कोटी १७ लाखांवर गेला. आणि बोटी लहान होण्याऐवजी मोठ्याच होत चालल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाची बोट पहिल्या फेरीला निघाली. लांबी ३६५ मीटर, मजले २०, खच्चून भरली तर ७,६०० प्रवासी आणि वर २,३५० नोकरमाणसे. म्हणजे जवळपास दहा हजारांचे गाव पाण्यावर तरंगते आहे. आमच्या भागातली कितीतरी गावे याहून लहान आहेत.

आता आम्ही पडलो कारकून. आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. बोटीचा जो 'टन' सांगतात तो वजनाचा नसतो, आतल्या बंदिस्त जागेचे ते माप असते. 'आयकॉन'चे माप २,४८,६६३ टन. त्याला ७,६०० ने भागले तर माणशी साधारण ३३ पडतात. मुंबईहून २०२१ पासून जी 'एम्प्रेस' बोट धावू लागली ती १९९० साली बांधलेली, माप सुमारे ४८,५०० टन. अठराशे प्रवासी धरले तर माणशी २७ पडतात. म्हणजे पाचपट मोठ्या बोटीत माणसाच्या वाट्याला जागा कमी नाही, उलट थोडी जास्तच येते! दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात तेव्हा गर्दी होते, आणि शंभर खोल्यांच्या चाळीत चारशे राहिली तरी होत नाही. बोट मोठी म्हणून गर्दी, हा हिशेबच चुकीचा आहे.

गर्दी टोचते ती दाराशी. सकाळी बोट बंदराला लागली की सगळ्यांना एकाच वेळी उतरायचे असते, संध्याकाळी एकाच वेळी चढायचे असते, आणि एक वाजता सगळ्यांना एकदम भूक लागते. बंदराकाठच्या गावालाही ती टोचते. इटलीतल्या व्हेनिस शहराचे लोक वर्षानुवर्षे ओरडले, तेव्हा १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या बोटींना तिथल्या मुख्य कालव्यातून जायला बंदी झाली.

तरीही माणसे जातात, आणि का जातात ते कष्टकरी घरातल्या माणसाला लवकर कळेल. एकदा सामान खोलीत टाकले की ते पुन्हा उचलायचे नाही. स्वयंपाक करायचा नाही, भांडी घासायची नाहीत. बाईच्या जन्मात असे तीन दिवस किती येतात? मुले एका जागी, म्हातारी माणसे एका जागी, कोणी हरवण्याची भीती नाही. शिवाय सात हजार माणसांत खर्च वाटला गेला की माणशी तिकीट खाली येते. ज्यांना शांतता विकत घेता येते ते लहान बोट घेतात. बाकीच्यांना मोठी बोट परवडते, म्हणून ती भरते.

आणि गर्दीचे म्हणाल तर आम्हाला गर्दीची भीती कोणी घालू नये. ६ डिसेंबरला दादरला जाणारी गाडी ज्यांनी अकोल्याला धरली आहे, दाराशी एका पायावर उभे राहून ज्यांनी रात्र काढली आहे, चैत्यभूमीच्या रांगेत जे तासन् तास उभे राहिले आहेत, त्यांना गर्दी म्हणजे काय ते ठाऊक आहे. ती गर्दी आपल्याला जड का जात नाही? आपली माणसे भोवती असतात हे तर खरेच. पण रांग लावणारे स्वयंसेवक असतात, पाणी असते, चुकलेल्या मुलाचे नाव पुकारणारा माईक असतो, हेही तितकेच खरे. व्यवस्था असली की गर्दीचा मेळावा होतो. व्यवस्था नसली की काय होते ते आपल्या मुंबईच्या समुद्राने एकदा दाखविले आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची आगबोट रेवसकडे निघाली. अलिबागकडची माणसे, मुंबईत पोटासाठी राहिलेली, घरी निघालेली. सातशेहून अधिक माणसे बोटीत होती. दिवस पावसाळ्याचे, समुद्र खवळलेला. काशाच्या खडकाजवळ लाटा आत शिरू लागल्या. माणसे घाबरून एका बाजूला सरकली, बोट त्या बाजूला कलली आणि थोड्याच वेळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबई इतकी जवळ, तरी शहराला बातमी कळायला कित्येक तास गेले. ही बोट काही अवाढव्य नव्हती, आजच्या बोटींच्या शेजारी ती होडीच दिसली असती. आपण किती माणसे घेतली आहेत आणि बुडायची वेळ आली तर त्यांना काय द्यायचे आहे, याचा विचार निघण्यापूर्वी झाला नव्हता. जी मेली ती बहुतेक गरिबांची माणसे होती.

कोणी म्हणेल, ते जुने झाले. तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली आणि पंधरा माणसे गेली. धडक त्या बोटीची चूक नव्हती, हे मान्य. पण परवाना ८४ प्रवाशांचा असताना आत शंभरावर माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर तरंगण्याचे जॅकेट नव्हते. जॅकेटची सक्ती नंतर झाली. एस.टी.च्या दारावर आसने किती आणि उभे किती हे लिहिलेले असते, आपण ते वाचत नाही. बोटीत चढताना तरी तो आकडा विचारावा.

त्या मानाने मोठ्या सागरी बोटीला कायद्याने बांधून घेतले आहे, आणि तो कायदा प्रेतांच्या हिशेबातून आलेला आहे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा आत सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा ११७८ जणांची. सुमारे दीड हजार मेले. त्यातही तिसऱ्या वर्गाची मरणाची टक्केवारी पहिल्या वर्गाहून फार मोठी. पुढे १९१४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि वेळोवेळी सुधारत आज तो असे सांगतो की देशोदेशी जाणाऱ्या प्रवासी बोटीवर जितकी माणसे असतील त्यांच्या सव्वापट माणसांना पुरेल इतकी होड्यांची आणि तराफ्यांची जागा असलीच पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली. आत चार हजारांवर माणसे, त्यांतली ३२ गेली. त्या दिवशी बोटीत चढलेल्या शेकडो प्रवाशांची सरावाची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर २०१५ पासून नियम झाला की कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यायची. या अपघातात सर्वांत शेवटी, जवळजवळ तीन वर्षांनी, ज्याचे अवशेष सापडले तो आपल्या मुंबईकडचा एक तरुण वेटर होता.

रोगाचे तेवढे मात्र मोठ्या बोटीला अजून नीट उत्तर सापडलेले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. ३,७११ पैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. प्रवाशांना आपापल्या खोलीत कोंडले गेले. पण त्यांना जेवण नेऊन देणारे नोकर, त्यांत शंभरावर भारतीय, एकेका खोलीत अनेकजण झोपत होते आणि काम करीतच होते. संसर्ग खोलीतून खोलीत नेण्याचे काम त्यांच्याच पायांवर आले. दमेकरी किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाने अशी सहल पुढे ढकलावी हे बरे.

आमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. गर्दीची तक्रार वाढली तेव्हा काही कंपन्यांनी काय केले? बोटीच्या आत दुसरी बोट केली. जास्त पैसे भरणाऱ्यांना वेगळे दार, वेगळा जिना, वेगळा पोहण्याचा तलाव, वेगळी भोजनगृहे. एका कंपनीने त्याला 'यॉट क्लब' म्हटले, दुसरीने 'हेवन', म्हणजे शांत आसरा. सगळे एकाच पाण्यावर, एकाच इंजिनाने चाललेले, पण पाणवठा वेगळा आणि पंगत वेगळी. इथे जन्म विचारत नाहीत, पाकीट विचारतात, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही हे आम्ही जाणतो. तरी सामान्य प्रवाशाची रांग लांब होते ती पुष्कळदा याचमुळे, की बोटीची मोकळी हवा आधीच कोणाला तरी विकून झालेली असते. म्हणून तिकीट काढताना बोट किती मोठी हे विचारण्यापेक्षा, आपल्या तिकिटाला बोटीचा कोणता भाग खुला आहे, हे विचारावे.

जायचे का? ज्यांच्याकडे शिलकीचा पैसा आहे त्यांनी जरूर जावे. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. कर्ज काढून मात्र जाऊ नये, आणि हप्त्याने तर मुळीच नाही. जाहिरातीतला दर बहुधा एका माणसाचा असतो आणि एका खोलीत दोघे धरून असतो. त्यावर कर, बंदराची फी, नोकरवर्गाची बक्षिसी हे वेगळे लागू शकते. सगळे मिळून किती, हे कागदावर लिहून मागावे. सर्वांत स्वस्त खोली आतल्या बाजूची असते, तिला खिडकी नसते. समुद्र पाहायला गेलो आणि भिंत पाहिली, असे नको व्हायला. पावसाळ्यात जाऊ नये. आणि कवायतीची घंटा झाली की जेवणाचे ताट सोडून जावे, आपली होडी कोणती ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

ज्यांचे बजेट एवढे नाही त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. ती २०२० साली सुरू झाली. मोटारी खाली, माणसे वर, तासाभराचा प्रवास, आणि वर उभे राहिले की समुद्र चारी बाजूंनी दिसतो. 'रामदास' ज्या पाण्यात गेली त्याच बाजूने ही जाते. मुंबईला गेलेच आहोत तर एक दिवस जादा काढला की हे जमण्यासारखे आहे. बचत गटाच्या बायांना आम्ही आधी हेच सुचविले आहे.

आता पोरांविषयी. बोटी वाढल्या तशा बोटीवरच्या नोकरीच्या चिठ्ठ्या घेऊन फिरणारे दलालही वाढले, आणि ते वाशीम जिल्ह्यापर्यंत पोचले आहेत. हॉटेलचा कोर्स केलेल्या मुलाला 'क्रूझवर लावून देतो, दोन-तीन लाख तयार ठेवा' असे सांगतात, आणि बाप शेत गहाण टाकायला निघतो. नोकरी वाईट नाही. काम मात्र कठीण आहे. महिनोन् महिने घर नाही, सुट्टीचा वार नाही, आणि खोली पाण्याच्या पातळीला. खलाशांच्या कामाचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली स्वीकारला, त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशाची नोंदवही यांचा खर्च तेवढा आपला. भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि त्या परवान्याला नंबर असतो. महासंचालनालयाचे कार्यालय मुंबईत आहे आणि परवानाधारक संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. दलालाकडून तो नंबर लिहून घ्यावा आणि यादीशी ताडून पाहावा. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी कागद घेऊन रविवारी सकाळी विहारात यावे. आम्ही अकरापर्यंत तिथेच असतो.