आंब्याचा मंत्र आणि गुरूचे नाव

लहान मुलांसाठी जातककथा निवडताना आपण बहुधा ससा, हत्ती, वानर आणि हरीण यांच्याच गोष्टी पुढे करतो. प्राणी चितारायला सोपे, बोधही चटकन हाती लागणारा. पालि जातकसंग्रहातील ५४७ कथांत ४७४ व्या क्रमांकावर असलेले अंबजातक मात्र माझ्या पाहण्यातील सचित्र बालपुस्तकांत आलेले नाही. आपल्या शाळेने मुलांकडून एखादी कथा चित्रांत उतरवून घ्यायची असेल, तर ती हीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कथेतील बोधिसत्त्व चांडाळ आहे. आंब्याच्या झाडापासून सात पावलांवर उभा राहून तो मंत्र म्हणतो, ओंजळभर पाणी शिंपडतो. जुनी पाने गळतात, पालवी फुटते, मोहोर येतो आणि ऋतू नसताना फळे पिकतात. ती कावडीतून नेऊन विकावी आणि कुटुंब पोसावे, एवढाच त्याचा व्यवहार. तक्षशिलेत शिकलेला एक ब्राह्मण तरुण हे पाहतो, त्याच्या घरी राबतो आणि ती विद्या मिळवतो. देताना गुरू एकच बजावतो : कोणाकडून शिकलास असे कोणी विचारले, तर लाजेपायी माझे नाव लपवू नकोस, लपवलेस तर मंत्र जाईल. पुढे वाराणसीचा राजा नेमके तेच विचारतो. तरुण सांगतो, तक्षशिलेच्या विख्यात आचार्यांकडून. मंत्र त्याच क्षणी जातो. पुढच्या वेळी राजासमोर झाडाखाली उभे राहिल्यावर त्याला काहीच आठवत नाही, तेव्हाही तो आधी नक्षत्रयोग जुळत नसल्याची सबब पुढे करतो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, हे कथाकार पुरते जाणून होता.

या कथेवर एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. ‘चांडाळ’ हा शब्द कोवळ्या मुलांच्या कानी कशाला? गुरूला ऋषी करा, नाहीतर म्हातारा माळी. बोध तोच राहील. माझ्या मते तो राहत नाही. गुरू ऋषी असता, तर तरुणाला खोटे बोलण्याचे कारणच उरले नसते. त्याला राजाकडून अधिक काही उकळायचे नव्हते. त्याला लाज वाटली. ती लाज गाळली की मुलांपुढे उरते ती जादूची एक गोष्ट.

ही लाज आपल्या मुलांना परकी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेवराई तालुक्यातून, अवघ्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि कितीतरी मुले वसतिगृहांत मागे राहतात. वडील काय करतात, या प्रश्नाला त्यांतले काहीजण ‘शेती’ एवढेच सांगतात. त्या मुलांना मी दोष देत नाही; हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला जातो, हे मी ऐकले आहे. पण एका मुलीच्या चित्रवहीतील सुरेख नक्षी पाहून ती कुठून सुचली, असे मी एकदा विचारले. ‘पुस्तकातून,’ ती म्हणाली. पुढे तिची आई भेटायला आली, तेव्हा तिच्या खांद्यावरच्या गोधडीवर तीच नक्षी होती. मुसावादाविषयीचे चौथे शील आपण रोज म्हणतो; त्या दिवशी ते मला वेगळे ऐकू आले.

नक्कल करण्यात मला काही गैर वाटत नाही. नंदलाल बोस तरुणपणी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याला राहिले आणि तेथील भित्तिचित्रे उतरवून घेत शिकले. आपण कोठून घेतले, हे त्यांनी कधी लपवले नाही. खुद्द अजिंठ्याचा हिशेब मात्र अपुराच आहे. १६ व्या लेणीत वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा दानलेख कोरलेला आहे. शेजारच्या १७ व्या लेणीत वेस्संतर आणि छद्दंत जातक ज्यांनी रंगवले, त्या हातांची नावे भिंतीवर नाहीत.

म्हणून सूचना एवढीच की, अंबजातकाची चित्रे मुलांनीच काढावीत, भोजनगृहाच्या भिंतीवर लावावीत आणि प्रत्येक चित्राखाली दोन नावे असावीत : काढणाऱ्याचे आणि ज्याच्याकडून हात शिकला त्याचे. शेवटच्या चित्रात मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये. मूळ कथेत तरुण परत जाऊन गुरूचे पाय धरतो, पण गुरू पुन्हा मंत्र देत नाही. त्यांनी माफ का केले नाही, असे मुले विचारतील. विचारू द्यावे.